गेंड्यासाठी नमुना

गेंडा नगरपालिकेच्याच वाट्याला आला, यात कुणाचाही हात नव्हता. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि त्याही नगरपालिकेनेच टाकल्या होत्या. शहर सुंदर करायचं असं वर ठरलं होतं. सुंदर म्हणजे काय हे वर ठरलं नव्हतं, म्हणून खाली ठरवलं की प्रत्येक मोठ्या कचेरीच्या दारात फायबरचं एकेक जनावर उभं करायचं, खऱ्यापेक्षा मोठं, आणि ते चित्रकारांकडून सजवून घ्यायचं. पोस्टाला कासव निघालं तेव्हा सभागृह पोट धरून हसलं. इस्पितळाला जिराफ आला, त्यावर कुणीतरी मानदुखीचा विनोद केला. सगळ्यात मोठ्याने हसत होते ते नगरपालिकेचे मोठे साहेब. मग त्यांनी आपल्या कचेरीची चिठ्ठी उघडली, आणि सभागृहात एकदम खोकल्याची साथ आली.

आता गेंडा म्हटलं की माणसाच्या तोंडात पुढचा शब्द आपोआप येतो. गेंड्याला शिंग असतं, चार भक्कम पाय असतात, बिचारा गवत खाऊन राहतो. पण हे कुणाला आठवत नाही. आठवते ती कातडी. आणि नगरपालिकेच्या दारात ती कुणाची म्हणून आठवेल, हे साहेबांना कुणी सांगायला नको होतं. चोराच्या मनात चांदणं.

साहेबांनी फर्मान काढलं की कागदोपत्री 'कातडी' हा शब्द येता कामा नये. त्यामुळे आदेशात लिहिलं गेलं, 'सदर प्राण्याचे बाह्यावरण नागरिकांना आपलेसे वाटेल अशा रीतीने सजवावे.' बाह्यावरण म्हणजे काय, हे चित्रकारांना तोंडी समजावून सांगावं लागलं, आणि समजावताना तो शब्द आलाच. पहिला चित्रकार गालात हसला. दुसरा म्हणाला, "रंगवायचं कशाला साहेब? आहे तसाच ठेवा, लोक ओळखतील." तिसऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. गेंडा मागच्या गाड्यांच्या शेडमध्ये पांढराफटक उभा होता आणि येणारेजाणारे त्याच्या शिंगावर टोप्या अडकवत होते.

त्याच कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर एक गृहस्थ बसत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी लागायचं. एरवी खिडकीबाहेरचे सगळे त्यांना ढिम्मराव म्हणत. समोरचा माणूस रडो, ओरडो, काचेवर मूठ आपटो, ढिम्मराव ढिम्म. शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "बघतो." बस्स. हा शब्द त्यांनी वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत केला होता. 'करतो' म्हटलं तर करावं लागतं, 'होणार नाही' म्हटलं तर भांडण होतं. 'बघतो'मध्ये खोटेपणाही नाही आणि गुंतणंही नाही. टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. मनाला लावून घ्यायचं नाही, हे त्यांचं ब्रीदच होतं. ज्यांनी लावून घेतलं ते सगळे त्या खिडकीवरून लांबच्या रजेवर गेले, असं ते नव्या कारकुनांना प्रेमाने सांगत.

ढिम्मरावांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, हेडक्लार्कची खुर्ची. जुने हेडक्लार्क निवृत्त होत होते. ती खुर्ची आतल्या खोलीत होती, तिला हात होते, पाठीला गादी होती, आणि मुख्य म्हणजे तिच्यासमोर खिडकी नव्हती. ढिम्मराव डबा खायला आत जायचे तेव्हा मुद्दाम तिच्या जवळून जायचे.

एके दिवशी साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "हे लोढणं जो कुणी माझ्या गळ्यातून काढेल, त्याला मी विसरणार नाही." बोलताना त्यांची नजर सहज हेडक्लार्कच्या खोलीकडे गेली. ढिम्मरावांना तेवढं पुरलं.

"साहेब, आमची मंडळी रंगवते."

"काय रंगवतात?"

"हात."

साहेब गोंधळले. "म्हणजे भिंतीला एक हात, दोन हात, तसं?"

"नाही साहेब. माणसांचे हात. आणि पाय. मागणी येईल तसे."

खरंच होतं ते. ढिम्मरावांच्या बायको कृत्रिम हातपाय तयार होतात त्या कारखान्यात होत्या, आणि तिथे सगळे त्यांना हातवाल्या बाई म्हणत. गिऱ्हाईकाचा एक हात गेलेला असायचा, दुसरा असायचा. तो राहिलेला हात बाई मांडीवर घ्यायच्या आणि नुसत्या बघत बसायच्या. ब्रश उचलायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. नखाच्या मुळाशी गुलाबी किती, सांध्यावर सावळं किती, शीर कुठे वर येते आणि कुठे बुडते. मग रबराच्या हातावर तेच उतरवायच्या. हात पुरा झाला की गिऱ्हाईक दोन्ही हात शेजारी ठेवून बघतच राहायचं. बाईंचा मुकादम म्हणायचा की बाईंना डोक्यातून एक ठिपकाही काढता येत नाही, पण समोर नमुना ठेवा, देवाला फसवतील.

ढिम्मराव घरी आले आणि त्यांनी आदेश बाईंपुढे ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून ते स्वतःवरच खूश होऊन हसले.

बाईंनी तो कागद वाचला. "अहो, बाह्यावरण म्हणजे काय?"

"वरचं. अंगावरचं जे असतं ते."

"त्वचा?"

ढिम्मरावांना तो दुसरा शब्द घरातसुद्धा उच्चारवेना. "त्वचाच म्हण."

"आणि ती नागरिकांना आपलीशी वाटली पाहिजे?"

"लिहिलंय खरं तसं."

"मग नागरिकांचीच बघून करते," बाई म्हणाल्या.

ढिम्मरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता मान हलवली. इतकी वर्षं ते ज्या मानेने शहराला उत्तर देत होते तीच ही मान होती. तिने काय कबूल केलं, ते त्यांना कळलं नाही.

बाईंनी कारखान्यातून रजा घेतली आणि शेडमध्ये बस्तान मांडलं. तक्रारींची रांग कचेरीच्या बाजूने वळून नेमकी त्या शेडपर्यंत पोचायची. ऊन चढलं की रांगेतली माणसं सावलीला आत यायची, आणि आत आली की बाई म्हणायच्या, "जरा हात बघू." माणसं आधी दचकायची. सरकारी आवारात कुणी हात बघायला मागितला तर लाच तपासतायत की काय असं वाटणारच. पण बाई हात मांडीवर घ्यायच्या आणि बघायच्या, आणि हात असा कुणी धरला की माणूस बोलायला लागतो.

धोब्याची बोटं पाण्याने सुरकुतलेली होती. त्याच्या गल्लीतलं गटार फुटलेलं होतं. बसच्या ड्रायव्हरचा खिडकीकडचा हात दुसऱ्यापेक्षा चांगला दोन छटांनी काळा होता. त्याच्या घरासमोरचा दिवा गेला होता आणि त्याची आई अंधारात पायरीवरून पडली होती. इस्पितळातल्या आया धुऊन धुऊन तडकलेल्या हातांनी आल्या होत्या, वस्तीतल्या नळाला पाणी नाही म्हणून. एक म्हातारे मास्तर होते, त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. त्यांची तक्रार काय होती ते त्यांना आता नीट आठवत नव्हतं, पण रांगेत यायची सवय सुटत नव्हती. बाई सगळ्यांचं ऐकायच्या आणि बघायच्या. 'बघते' असं म्हणायच्या मात्र नाहीत. त्यांच्या लेखी ते बोलायचं काम नव्हतं.

असा गेंडा अंगाने भरत गेला. पाठीवर धोब्याचा चुरगळा, खांद्यावर ड्रायव्हरचा उन्हाने रापलेला तुकडा, पोटाला मऊ, निळ्या शिरांचं काही, मानेच्या वळीत मास्तर. एक रंग संपून दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. जवळून बघितलं तर लव होती, तीळ होते, देवीचे व्रण होते, कुणाचा तरी भाजल्याचा डाग होता. लांबून बघितलं तर एवढंच वाटायचं की हे जनावर आत्ता श्वास घेईल.

इकडे खिडकीवर चमत्कार घडला. रांग आटली. सावलीत बोलून मोकळी झालेली निम्मी माणसं खिडकीपर्यंत न येता तशीच घरी जायला लागली. साहेबांनी महिन्याचा आकडा बघितला आणि ढिम्मरावांची पाठ थोपटली. सुंठीवाचून खोकला गेला होता. ढिम्मराव रोज घरी जाताना शेडवरून जायचे, आत डोकावून "चल, झालं का?" म्हणायचे आणि बाई डबा आवरेपर्यंत घड्याळाकडे बघत उभे राहायचे. गेंडा त्यांनी पाहिला होता, म्हणजे तो तिथे आहे हे पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे त्याच्या जागी खुर्ची होती.

गेंडा दारात आणून उभा केला, पडदा ओढला, आणि टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले. मग ड्रायव्हर पुढे आला, बाही वर करून त्याने आपला हात गेंड्याच्या खांद्याला लावला, आणि ओरडला, "अरे, हा मी!" मग काय, झुंबड. जो तो आपला तुकडा शोधायला लागला. आया एकमेकींना दाखवायला लागल्या. मास्तरांना दोघांनी धरून मानेपर्यंत नेलं. त्यांनी त्या वळीवरून हात फिरवला आणि आपल्याच हाताची पाठ गालाला लावली. साहेबांच्या चेहऱ्यावर रंग आला. कातडीचा विनोद कुणी केला नव्हता. नागरिकांना बाह्यावरण आपलेसे वाटत होते, अगदी आदेशाबरहुकूम.

पण धोबी पडला बोलघेवडा. आपली बोटं गेंड्याच्या पाठीवर बघून तो इतका हरखला होता की कौतुकाने, अगदी कौतुकानेच, मोठ्याने म्हणाला, "घ्या! आमची कातडी सोलून दारात उभी केली की यांनी!"

सगळे हसले. साहेबही हसले. वर्तमानपत्राचा बातमीदारही हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तेच वाक्य मथळ्यात घातलं, फक्त कौतुक वगळून. आजवर जाड कातडीची भीती होती. आता सोललेली पदरात पडली.

तेवढ्यावर निभावलं असतं, पण लोकांना गेंड्याची सवय लागली. रोज संध्याकाळी माणसं यायची, आपल्या तुकड्यावर हात ठेवून उभी राहायची, आणि शेजारच्या तुकड्याच्या मालकाशी बोलायची. धोब्याला कळलं की ज्या गटाराने त्याला छळलंय तेच खाली आयांच्या वस्तीत निघतं. ड्रायव्हरला कळलं की दिवा एका घराचा गेला नाही, सबंध ओळीचा गेलाय. खिडकीत एकेकटी येणारी तक्रार आता घोळक्याने उभी होती, आणि साहेबांच्या केबिनच्या नेमकी खाली.

साहेबांनी ढिम्मरावांना बोलावलं. "हे बंद करा. रविवारी कचेरी बंद असते. पडदे लावा आणि त्याला पुन्हा गेंडा करून टाका. साधा. गेंड्यासारखा गेंडा."

"म्हणजे बाह्यावरण..."

"कसलं बाह्यावरण? कातडी!" साहेब ओरडले. "गेंड्याची कातडी हवी मला! चांगली जाड, राखाडी. हात लावावासा वाटता कामा नये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी हेडक्लार्कची ऑर्डर काढायची आहे. दोन नावं आहेत. बघा."

ढिम्मरावांनी तो शब्द इतकी वर्षं दुसऱ्यांना दिला होता. आज तो त्यांना मिळाला, आणि तो किती थंड असतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. तरी त्यांनी मान हलवलीच.

घरी बाईंना सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग सांगून टाकलं. बाई पातेलं घासत होत्या, त्या घासत राहिल्या.

"तुम्हाला कसा वाटला होता?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"गेंडा."

"चांगला होता की," ढिम्मराव घाईने म्हणाले. "छानच होता. तो शिंगाजवळचा भाग तर..."

"शिंगाजवळ मी काही केलं नव्हतं."

ढिम्मराव म्हणाले, "अगं, खुर्चीचा प्रश्न आहे. माझा आयुष्यभराचा..."

"नाही कुठे म्हणतेय मी?" बाई म्हणाल्या. "पण नमुना?"

"राखाडी रंग तर फासायचा, त्याला नमुना कशाला?"

"मला फासता येत नाही. समोर काहीतरी लागतं." त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि ओले हात पुसले. "तुम्ही या रविवारी."

रविवारी पडद्याच्या आत एक स्टूल होतं. ढिम्मराव बसले. बाई समोर बसल्या, त्यांनी नवऱ्याचा उजवा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

त्या बघू लागल्या. ढिम्मरावांना आधी हसू आलं, मग अवघडल्यासारखं झालं, आणि मग अचानक फार बरं वाटलं. असा हात कुणी धरला नव्हता. लग्नात धरला असेल, पण तेव्हा चारशे माणसं बघत होती आणि दोघांनाही घाम फुटला होता. बाई अंगठ्याचं मूळ बघत होत्या. तिथे लहानपणी पत्रा लागला होता. त्या वेळी आपण किती रडलो होतो आणि आईने किती वेळ फुंकर घातली होती, हे ढिम्मरावांना एकाएकी आठवलं. बायकोला सांगावंसं वाटलं. आणखीही पुष्कळ सांगावंसं वाटलं: खिडकीवरचे पहिले काही महिने आपल्याला घरी आल्यावर जेवण जात नसे, ही गोष्ट ते आजवर कुणाशीच बोलले नव्हते. रांगेतल्या माणसांना काय होत होतं, ते त्यांना आत्ता कळलं.

"अगं, ऐक ना..."

"हलू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनी बराच वेळ बघितलं. हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग तो जपून स्टुलाच्या कडेवर ठेवला आणि रंग कालवायला घेतला. पांढऱ्यात काळा, वर किंचित निळा, थोडा मातकट. ढिम्मराव बघत होते. बाईंनी ब्रश भरला, एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि धोब्याच्या बोटांवरून पहिला पट्टा ओढला. मग ड्रायव्हरचा खांदा गेला. मग आया गेल्या. दर थोड्या वेळाने बाई मागे वळून हाताकडे बघायच्या आणि एखादी भेग, एखादी जाड वळी, एखादा खरखरीत कंगोरा नेमका उतरवायच्या. मास्तर सगळ्यात शेवटी गेले.

ढिम्मरावांनी आपला हात उजेडाकडे धरला. तो गव्हाळ होता, चारचौघांसारखा होता. "हा माझा आहे?" त्यांनी गेंड्याकडे बोट दाखवून विचारलं. विनोद करायचा होता त्यांना, पण आवाज तसा निघाला नाही.

"ओला आहे अजून," बाई म्हणाल्या. "वाळला की बरोबर दिसेल."

सोमवारी साहेब गेंड्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. "हुबेहूब!" ते म्हणाले. "अहो, हे बाईंनी बघितलं तरी कुठे?" ढिम्मरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. साहेबांनी तो विनय समजला आणि दुपारी ऑर्डर काढली. संध्याकाळी माणसं आली, थोडा वेळ उभी राहिली, कुणी हात लावला नाही. धोब्यालासुद्धा काही सुचलं नाही. आठवड्याभरात रांग पुन्हा खिडकीला लागली. तिथे आता नवा कारकून होता आणि तो अजून 'करतो' म्हणायचा.

खुर्ची खरंच चांगली होती. गादी मऊ होती, समोर खिडकी नव्हती, कुणी येत नव्हतं. ढिम्मराव दिवसभर खुर्चीच्या हातांवर हात ठेवून बसायचे आणि आपल्या हातांकडे बघायचे. त्यांना वाईट वाटत होतं. मनाला लावून घ्यायचं नाही हे ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते, पण लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं. ते कुणाला सांगावं तेही कळत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी धीर केला. हात स्वच्छ धुतला, कोरडा केला आणि टेबलावरून बाईंच्या पुढ्यात सरकवला.

"जरा पुन्हा बघतेस का? त्या दिवशी पडद्यामुळे उजेड कमी होता."

बाईंनी हाताकडे पाहिलं. मग त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने पलीकडची ताटं उचलली.

"राहू दे हो," त्या म्हणाल्या. "एकदा बघितलेला हात मला पुन्हा बघावा लागत नाही."